आठबोटे मिस्त्रींचं नववं बोट

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. मी एका कोवळ्या, चकचकीत लॅपटॉपला लढाईत लोळवलं आहे आणि एका माणसाचं बोट पात्याच्या जबड्यातून ओढून काढलं आहे. चालू केल्यावर जागं व्हायला मला अकरा मिनिटं लागतात, ही गोष्ट निराळी. शेजारी यंत्रावर बसलेलं, संकटात यंत्र एकदम थांबवायचं हे लाल बटण मध्येच खोकल्यासारखं करतं. तिकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म कारखान्यातला. कुणी छातीत स्क्रू पिळले, कुणी पाठीवर तापलेल्या कथलाचे डाग दिले. मग एका दवाखान्यात नोकरी लागली. मी जरा अडखळलो की तिथला कारकून माझ्या टाळक्यात एक ठेवून द्यायचा, आणि मी मुकाट चालू लागायचो. रांगेतले पेशंट म्हणायचे, "डॉक्टरांपेक्षा याच्याच हाताला गुण आहे." बारा वर्षं मार खाल्ला. नवे कॉम्प्युटर आले तेव्हा मला पोत्यात कोंबलं. आठबोटे मिस्त्रींच्या लेकीने मला तिथून उचलून आणलं आणि वडिलांच्या सुतारी कारखान्याच्या माळ्यावर ठेवलं.

आठबोटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते सुतार, आणि त्यांच्या कारखान्यात एक गोल करवत होती. तिने एका सकाळी त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं उडवली. एक भुशात सापडलं, दुसरं सापडलंच नाही. तरी गडी तिच्यावरच काम करायचा! म्हणून लेकीने वर्षभर खपून हे सीएनसी यंत्र जोडलं. फळी टेबलाला पकडींनी आवळायची, आणि कॉम्प्युटरच्या हुकमावर फिरतं पातं, म्हणजे बिट, आपोआप कोरत जाणार. माणसाचा हात लांबच्या लांब. मिस्त्रींनी एकच अट घातली. "कपाटाचं एक दार धड निघू दे. नाही निघालं, तर मी आणि माझी करवत."

आता यंत्राला कॉम्प्युटर कोणता जोडायचा?

"माळ्यावरचा," लेक म्हणाली. "त्याच्या पाठीला पंचवीस भोकांचं जुनं पोर्ट आहे. त्यातून यंत्राच्या मोटारींना थेट विजेचे ठोके देता येतात; एक ठोका, एक पाऊल."

मिस्त्रींचा धाकटा भाऊ फिदीफिदी हसला. "ते डबडं? दादा, माझा लॅपटॉप घे. शंभरपट वेगवान आहे."

"काका, वेग काय चाटायचाय? मध्येच डुलकी घेणारा नको."

"लॅपटॉप कधी डुलकी घेतो होय गं!"

घेतली, मित्रांनो. लॅपटॉपला तसं पोर्ट कुठलं? काकांनी मध्ये एक छोटं कार्ड बसवून तो जोडला, काम सुरू झालं, आणि ऐन मध्यावर पडद्यावर अक्षरं आली: नवी आवृत्ती बसवत आहे, कृपया थांबा. हुकूम थांबले, पण बिट कुठलं थांबायला? ते एकाच जागी गरगरत राहिलं. लाकूड काळं पडलं, धूर निघाला, दाराच्या छातीत जळका खड्डा पडला. लॅपटॉप जागा होताच काकांनी घाईघाईने 'सुरू' दाबलं. बिट आधी मूळ कोपऱ्यात परत न्यायचं असतं, तेच विसरले! यंत्राला वाटलं, उभे आहोत तोच कोपरा. सगळी नक्षी बाजूला सरकली आणि बिट पोलादी पकडीवर जाऊन आदळलं. बंदुकीसारखा बार झाला. मोडका तुकडा मिस्त्रींच्या कानाची पाळी चिरत गेला आणि कारखान्याच्या दाराच्या चौकटीत अर्धा घुसला.

मिस्त्रींनी कानावर रुमाल दाबला. सरळ करवतीकडे गेले आणि खटका ओढला. करवत किंचाळली.

लेक आडवी आली. "बाबा, एकदा. फक्त एकदा."

"पोरी, माझं रक्त बघूनही तुझी हौस फिटली नाही?"

"तेच रक्त वाचवायला निघालेय ना मी!"

मिस्त्रींनी खटका उलटा ओढला. मग करवतीचा आवाज खाली आला.

मला माळ्यावरून उतरवलं. लेकीने धूळ फुंकली, पोटातलं मेलेलं झुरळ काढलं, इंटरनेटची वायर उपटली, नको ते सगळं पुसून टाकलं. मग काहीच काम न देता तासभर नुसते माझे ठोके तपासले, एखादा ठोका मागेपुढे पडून मी कुठे दचकतो का ते.

"स्थळ बघतेस की काय?" काका म्हणाले.

"नवरा दचकला तर चालतो, काका. हा दचकून चालत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी फळी आवळली. तीन तास मी ठोके देत होतो, एकही इकडचा तिकडे नाही! वेली उमटल्या, पानं उमटली. आणि थरथरून थरथरून एक पकड ढिली झाली. फळी उधळलेल्या बैलासारखी उसळली. चाळीस वर्षांची सवय! मिस्त्रींनी ती दाबायला डावा हात सरळ आत घातला. बिट त्यांच्या मधल्या बोटाकडे झेपावलं. आणि मित्रांनो, ते मी पाहिलं! दातओठ खाऊन मी मोटारींच्या नाड्या आवळल्या, आणि बिट त्यांच्या नखाला चाटून जागच्या जागी थिजलं. दार पुढे पुरं झालं, एका कडेला खाच राहिली तेवढीच. मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने करवतीचा पट्टा कापून टाकला. तेव्हापासून मीच त्यांचं नववं बोट.

म्हणून सांगतो, यंत्र निवडताना त्याची चकाकी पाहू नका, कामाला काय हवं ते पाहा. जुन्याला फेकू नका, त्याची धूळ फुंका. कारण जुन्या यंत्राला माया असते, त्याला माणसाचं बोट दिसतं, आणि...

"थापाड्या!" लाल बटण ओरडलं. "दिसतं? डोळे कुठे आहेत तुला? तू तर पुढचे ठोके पाठवत होतास, बोटाच्या आरपार! काका धावले, वायरीत पाय अडकला, आणि पडता पडता त्यांनी माझ्यावर कपाळ आपटलं. म्हणून थांबलं सगळं. चार टाके पडले त्यांना. नववं बोट म्हणे! मिस्त्रींचं नववं बोट त्यांच्या भावाच्या कपाळावर आहे."