जवळची शाखा

विक्रोळीचं घर सोडल्यावर कल्पिताने नवीन सिम घेतलं, फेसबुक बंद केलं, ऑफिसात कुणालाही पत्ता सांगितला नाही. नवऱ्याने, दिपेशने, तिचा हात मोडला होता. आईच म्हणाली होती, "मलाही सांगू नको गं. तो येऊन बसला तर माझ्या तोंडून निघेल."

चार वर्षांच्या सईला घेऊन ती मुलुंडला शीतलकडे, कॉलेजच्या मैत्रिणीकडे, राहायला लागली. सिम बदललं, पण फोन जुनाच होता. त्यात मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानाचं ॲप होतं. सई झाली तेव्हा त्या दुकानाचं कार्ड काढलेलं, दिपेशच्या नंबरवर. कल्पिताचा फोन कुठे आहे ते ॲप बघायचं आणि तिथल्या शाखेची जाहिरात कार्डावरच्या नंबरला पाठवायचं.

दिपेश विक्रोळीत घरी बसलेला असताना त्याला मेसेज आला: 'हाय, सईचे बाबा! तुम्ही आमच्या मुलुंड शाखेच्या अगदी जवळ आहात.' दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग येतच राहिला.

रविवारी दुपारी कल्पिता सईला घेऊन भाजी आणायला खाली उतरली, तर त्या कपड्यांच्या दुकानासमोरच्या रिक्षा स्टँडजवळ बाइकवर दिपेश बसलेला.

"तुला कुणी सांगितलं?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

त्याने फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला. "दुकानवाल्यांनी." मग सईला उचलून पुढ्यात बसवलं. कल्पिताने हँडल पकडलं. त्याने लाथ मारली तशी ती नुकत्याच जुळलेल्या हातावर पडली. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "नवरा-बायकोचं भांडण आहे, जाऊ दे ना." बाइक निघूनही गेली. सई मागे वळून रडत होती.

पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, "बापानेच नेली ना? मग किडनॅपिंग कसं? कोर्टात जा."

तिने दुकानाच्या कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्र होती.

"मॅम, लोकेशनला तुम्हीच परवानगी दिली होती."

"दुकान सापडावं म्हणून दिली होती. मी कुठे आहे ते त्याला का कळवलंत?"

"अकाउंट त्यांच्या नंबरवर आहे, मॅम. सिस्टिमप्रमाणे सगळं बरोबरच झालंय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "ॲप काढून टाका, मॅम. प्लीज."

सईचा ताबा मिळेपर्यंत पावसाळा उलटला. तोवर दिपेश दोनदा शीतलच्या दारात येऊन तमाशा करून गेला होता. शीतलची सासू हात जोडून म्हणाली, "पोरी, आमचं म्हातारपण आहे." शीतल रडली, पण थांब म्हणाली नाही.

कल्पिताने गोरेगावला खोली घेतली. परत आलेली सई आता फारशी बोलत नसे. बाइकचा आवाज आला की पलंगाखाली शिरायची. बाहेर काढायला गेलं तर चावायची.

नव्या शाळेत बाईंनी सांगितलं, "बसचं ॲप घ्या हं. बस कुठे पोचली ते पालकांना लाइव्ह दिसतं. आणि वडिलांचाही नंबर लागेल."

"वडिलांचा नाही देणार. ॲपही नको."

"अहो, पण मुलीच्या सेफ्टीसाठीच आहे ना ते!"

कल्पिताने सईचा हात धरला. "मी हिला चालत आणीन," ती म्हणाली.