नोंदीत न धरलेलं मूल

“पुन्हा एकदा लावून बघा ना, ताई,” बाळाची आई म्हणाली.

ताईंनी कुपोषण मोजायची रंगीत पट्टी तिसऱ्यांदा बाळाच्या दंडाभोवती गुंडाळली. हिरवा, पिवळा, लाल. खूण पुन्हा लालातच थांबली. मूल अकरा महिन्यांचं, दिसायला जेमतेम पाच-सहा महिन्यांचं. रडतही नव्हतं.

परदेशी मदतीवर चालणाऱ्या पोषण केंद्रांची पाहणी ताई गेली एकोणीस वर्षं करत होत्या. वस्त्यांमध्ये त्यांना मोजणीताईच म्हणत. मूल लालात निघालं की चिठ्ठी फाडायची, आईला केंद्रावर धाडायचं आणि पुढचं दार गाठायचं. मग मदतीला कात्री लागली. आधी जोडीची बाई गेली, मग वजनकाटे गेले आणि दोन महिन्यांपूर्वी केंद्रालाच कुलूप लागलं. पाहणी तेवढी उरली. पैसे देणाऱ्यांना शेवटचा अहवाल हवा होता, त्यांच्या पैशांनी काय साधलं याचा. चाळीस घरांची यादी आता बारावर आली होती.

“चिठ्ठी देता ना?”

सवयीने ताईंचा हात पिशवीत गेलाही. तिथेच थांबला.

“केंद्र बंद आहे, बाई.”

“ते मलाही ठाऊक आहे. मग तुम्ही मोजायला कशाला आलात?”

आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. ताईंना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हल्ली असंच चाललं होतं. घरी नवरा काहीबाही विचारी, त्या हो म्हणत, आणि काय विचारलं होतं ते पुढच्या क्षणी आठवत नसे. त्यांनी आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, “बाळाला घ्या. गाडीत बसा.”

ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. “ताई, अजून पाच घरं राहिलीत. सरकारी दवाखाना म्हणजे पार उलटं टोक. डिझेल मोजून मिळतं हल्ली. साहेब माझी खरडपट्टी काढतील.”

“माझ्या नावावर ढकला.”

“तुमचं नाव तरी आता किती दिवस?” तो बोलून गेला, मग जीभ चावली आणि मागचं दार उघडलं.

वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं होती. नर्सने बाळाची पापणी खाली ओढून पाहिली आणि एका खाटेवरची दोघं सरकवून जागा केली. मग कागद पुढे ओढून तिने ताईंना विचारलं, “तुम्ही कोण यांच्या?”

“मी मोजायला येते.”

नर्सने क्षणभर पाहिलं आणि ‘शेजारीण’ असं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फॉर्म चाळले. साहेब तसे वाईट नव्हते. महिनाअखेरीस त्यांचीही खुर्ची जाणार होती.

“बारापैकी सातच? राहिलेली पाच फोनवर भरून घेऊ.”

“फोनवर दंड कसा मोजणार?”

“तब्येत कशी आहे, एवढं आईला विचारायचं.” त्यांनी मान वर केली नाही. “आणि हे लालातलं मूल काढावं लागेल.”

“काढावं म्हणजे?”

“तुम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलंत. आता ते बरं होवो, न होवो, त्याला आपल्या कामाचा परिणाम म्हणता येत नाही. मोजणाऱ्याने मध्ये हात घातला की ते मूल बाद, हा नियम नव्या मुलींना तुम्हीच शिकवलाय, ताई.”

शिकवला होता खरा.

“बरं,” ताई म्हणाल्या.

त्यांच्या देखतच ती ओळ पुसली गेली. मोजलेली उरली सहा मुलं, सगळी हिरव्यात नाहीतर पिवळ्यात. अहवाल एकदम बरा दिसू लागला.

शुक्रवारी ताईंनी पिशवी आणि ओळखपत्र जमा केलं. कुणीतरी चहा मागवला होता, तो प्यायल्या आणि घरी गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्या वॉर्डात गेल्या, तर खाटेवर भलतंच मूल. “चौथ्या दिवशीच घेऊन गेली,” नर्स म्हणाली. “अजून ठेवायला हवं होतं. पण घरी आणखी दोन आहेत म्हणे, त्यांना कोण बघणार?”

ताई बसने वस्तीवर गेल्या. आईने दार उघडलं आणि त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“आज काय लिहायचंय?”

“काही नाही. सहज आले.”

सहज येणाऱ्या ताई तिने कधी पाहिल्या नव्हत्या. जरा गोंधळली, मग चटई टाकली. “बसा. मी पाणी आणते. याला धरा तोवर.”

मूल मांडीवर आलं. एकोणीस वर्षांत ताई या वस्तीत कुठल्या घरी बसल्या नव्हत्या. मूल जड लागतंय की हलकं, त्यांना कळेना. तेवढ्यात ते रडू लागलं. त्या रडण्यात जोर आहे की नाही, हेही त्यांना ठरवता येईना.

“थोपटा जरा, गप्प होईल,” आतून आई म्हणाली.

ताई थोपटू लागल्या.