प्रश्नाचं स्टूल

मी एक स्टूल. जे सांगणार आहे ते अगदी तसंच घडलं का, याची मला पुरती खात्री नाही. माझा एक पाय जन्मापासून पाव इंच आखूड, त्यामुळे डुगडुगणं हा माझा स्वभावच झाला आहे. लाकडाच्या आठवणीवर किती भिस्त ठेवायची, ते तुम्हीच ठरवा.

सुताराला माझ्यातली खोट दिसली होती. "चालतंय, कॉलेजात कोण बघतंय?" म्हणून त्यानं मला पाठवून दिलं. मी आलो ते ग्रीक तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सरांच्या वर्गात.

पहिल्याच दिवशी सरांनी मला टेबलावर चढवलं. "हे स्टूल का? पाठ नाही म्हणून? मग पाठ मोडलेली खुर्ची स्टूल झाली का?" तासभर मुलं भांडली. शेवटी सर म्हणाले, जुन्या ग्रीकांपैकी काहींच्या मते खरं स्टूल डोळ्यांना दिसतच नाही, ते बुद्धीलाच कळतं. हे समोरचं म्हणजे त्याची नक्कल.

"आणि नक्कलही धड नाही, सर!" मागून कुणीतरी ओरडलं.

मला लागलं. पण खोटं तरी कसं म्हणू?

मग सरांनी नियम केला. माझ्यावर बसेल त्यानं फक्त प्रश्न विचारायचे, तेही उत्तर स्वतःला ठाऊक नसलेलेच. समोरच्यानं मनात असेल तेच सांगायचं, जिंकण्यासाठी काही नाही. दोघंही अडकले, पुढे वाट दिसेना, की सर खूश. "आता कुठे सुरुवात झाली," म्हणायचे.

एक मुलगी मला सोडायचीच नाही. सर तिला शंकासुर म्हणत.

"धैर्य म्हणजे न घाबरणं ना, सर? मग ज्याला धोका कळतच नाही, तोही शूर?"

"उतर गं बाई, घसा कोरडा पडला माझा!"

"आधी उत्तर, मग उतरते."

तिचं वजन मला अजून आठवतं. उत्तर ऐकताना ती पुढे झुकायची आणि माझा आखूड पाय जमिनीला टेकायचा.

पुढे ती तिथेच शिकवू लागली, विभागप्रमुख झाली. सर तिच्या हाताखाली आले. त्यांचा अभ्यासक्रम अर्धाच व्हायचा, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलं कमी झाली, तक्रार आली, चौकशी लागली. सरांची नोकरी गेली, तर ग्रीकांचा तासही त्यांच्याबरोबर बंद होणार होता.

चौकशीच्या खोलीत तिला, सरांना आणि कारकुनाला अशा तीन खुर्च्या मांडल्या होत्या. ती म्हणाली, "स्टूल आणा. आपल्याच नियमानं बोलू या, सर." सरांचा चेहरा उजळला. ती माझ्यावर बसली, तसा मीही फुशारलो.

"तुम्ही वर्गात म्हणता ना, न्याय काय, धैर्य काय, मला माहीत नाही?"

"म्हणतो."

"मनापासून?"

"अगदी."

"ज्या डॉक्टरला औषधं माहीत नाहीत, त्याच्याकडे पेशंट पाठवावा का?"

"नाही."

"मग ज्याला विषय माहीत नाही, त्याच्या हाती मुलं द्यावीत का?"

"थांब. 'माहीत' म्हणजे काय, ते आधी..."

"हो की नाही, सर?"

असा प्रश्न माझ्यावर बसून कधी कुणी विचारला नव्हता. सरांना सोयीचं उत्तर देता आलं असतं. पण नियम त्यांचाच होता. "तू 'माहीत' ज्या अर्थानं म्हणतेस, त्या अर्थानं, नाही," ते म्हणाले. कारकुनानं एवढंच लिहून घेतलं, नाही.

सर उठले. "प्रश्न चांगला होता गं," म्हणाले आणि निघून गेले. ती पुढे झुकली नाही. माझा आखूड पाय अधांतरीच होता, असं मला वाटतं. चूकही असेल.

तेव्हापासून मी जुन्या कागदांच्या खोलीत आहे. वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की माझ्यावर पाय देतात. त्याचं दुःख नाही. छळतं ते दुसरंच. कितीतरी वर्षं मी तिची बाजू घेत आलो. तिलाही खरंच ठाऊक नसेल, सरांना ठेवावं की नाही. तिनं खरंच विचारलं असेल. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, की माझ्यावर खुशाल उभे राहा, पण बसलात तर विचारायलाच बसा.

मागच्या वर्षी ऑफिसातल्या दोघी बायका जुने गठ्ठे काढायला आल्या. एक माझ्यावर चढली आणि सरांची फाईल उघडून थबकली.

"अगं, चौकशी गुरुवारची, आणि कामावरून कमी केल्याचं पत्र त्याच आठवड्यातल्या सोमवारचं?"

"टायपिंगची चूक असेल."

पहिलीनं पत्रं पाठवल्याच्या नोंदींची वही खाली ओढली, पानं उलटली, बोट ठेवलं.

"नाही गं. इथंही सोमवारच. आणि सही विभागप्रमुख बाईंचीच आहे."