लोक मला पिंडी म्हणायचे

मी बोलतोय, बरं का! इकडेतिकडे काय बघता? वटवाघळं बोलत नाहीत. समोर हा गोल, पोट सुटलेला दगड आहे ना, तोच मी. कऱ्हाडजवळच्या डोंगरातल्या लेण्यातला स्तूप.

मला कुणी बाहेरून आणून बसवलं नाही. कारागीर डोंगर कोरत आत आले, भोवतालचा दगड काढून टाकला आणि उरलो तो मी. दोन हजार वर्षं तरी झाली असतील. तेव्हा भिक्षू माझ्याभोवती फिरत, गुणगुणत. मग ते कमी झाले, मग येईनासेच झाले. मेंढरं आली, धनगर आले. एकदा पावसात वाघही येऊन निजला. त्याने मला काही त्रास दिला नाही, खोटं कशाला बोलू?

पुढे मी खालच्या वाडीतल्या माणसांना सापडलो. गोल दगड दिसला की आमच्याकडच्या माणसाचा हात आधी बेलाच्या पानाकडे जातो. झालं! मला महादेवाची पिंडी ठरवून ते मोकळे झाले. डोक्यावर भोकाचा तांब्या टांगला आणि थेंब थेंब पाणी सुरू. मी म्हटलं, असू दे. एकटं पडण्यापेक्षा ओलं झालेलं बरं.

माझी पूजा नाथाजी गुरवाकडे. माणूस मनाने वाईट नाही, पण गावाला फार भिणारा. महारवाड्यातली धोंडुबाई दर सोमवारी डोंगर चढून यायची आणि उंबऱ्याबाहेर बसायची. नाथाजी तिच्या फुलांवर पाणी शिंपडून ती आत आणायचा आणि तीर्थ तिच्या ओंजळीत वरून सोडायचा. उन्हातून बघणाऱ्याला आतल्या अंधारातलं काय दिसणार? ती विचारायची, "द्येव कसा हाय वो आतनं?"

"द्येवासारखा," नाथाजी म्हणायचा आणि कामाला लागायचा.

तिचा मुलगा अर्जुना फौजेत होता. जपानशी झालेल्या लढाईत त्याची पलटण ब्रह्मदेशात गेली, तेव्हा धोंडुबाई उंबऱ्याशी पुटपुटली, "माझा ल्योक जित्ता आला तर तुला एकदा या हातानं शिवंन." अर्जुना परत आला. नवस मात्र राहिला. आत पाऊल टाकायचं तर गाव वाळीत टाकणार. नाही टाकायचं तर देवाशी खोटेपणा. बिचारी दर सोमवारी मान खाली घालून बसायची, आणि मला दगड असल्याचा राग यायचा.

सेहेचाळीस सालच्या थंडीत एका सोमवारी एक गोरा प्रवासी सांगलीहून आला. लंबूटांग, उन्हाने नाक सोललेलं. वाट दाखवायला आणि बोलणं समजावून द्यायला सुट्टीवर आलेला अर्जुना बरोबर होता. फौजेत तो इंग्रजी शिकला होता. त्याची आई नेहमीच्या जागी बसलेली होतीच.

"इंग्रज साहेब!" नाथाजी धावला.

"इंग्रज न्हाई, स्वीडनचा हाय. बर्फाचा मुलूख," अर्जुना म्हणाला.

"मग हितं कशाला उन्हात तडफडत आलाय?"

"बघाय."

"नुसतं बघाय?" नाथाजीला काही ते पटेना.

साहेबाने बूट काढले, मोजेसुद्धा काढले आणि तो आत आला. अर्जुना उंबऱ्यापाशीच थांबला. साहेबाला कुणी अडवलं नाही, हे ध्यानात ठेवा. तो मला बघून लहान पोरासारखा हरखला आणि हात जोडून माझ्याभोवती फिरू लागला. नाथाजी ओरडला, "आवं साहेब, पुरती नगं! पिंडीला आर्धीच प्रदक्षिणा घालत्यात!"

साहेबाला काय कळणार? त्याने पुरता फेरा घातला. कित्येक शतकांनी माझ्याभोवती कुणीतरी पुरता फेरा घातला होता. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

बाहेरून अर्जुना एकदम बोलला, "नाथाजीबाबा, ही पिंडी न्हाई. ब्रह्मदेशात गावोगाव असले हायती. लोक असंच पुरतं फिरत्यात."

साहेब माझ्या बुडाशी बोट दाखवून काहीतरी विचारू लागला. अर्जुनाने सांगितलं, "साहेब म्हणत्यात, पिंडी हाय तर पाणी जायाची पन्हळ कुठं हाय?"

नाथाजी हळूच म्हणाला, "त्ये मलाबी कोडंच हाय. रोज पाणी फडक्यानं पुसतोय."

मग साहेब बोलत गेला आणि अर्जुना सांगत गेला. हे बुद्धाचं देऊळ. इथं भिक्षू राहायचे. राजा येवो, झाडूवाला येवो, सगळ्यांना... इथं अर्जुनाने वळून आईकडे बघितलं.

"फुडं बोल की," नाथाजी म्हणाला.

"समद्यास्नी आत येता यायचं."

"ह्ये तू पदरचं घालतोयस!"

"न्हाई बाबा. ब्रह्मदेशात मी असल्या देवळात मांडीला मांडी लावून बसलोय. कुणी जात इचारली न्हाई."

साहेब त्याला हाताने 'ये' म्हणत होता. अर्जुनाने पाय उचलला तशी आईने त्याचा सदरा धरला. "नगं रं! तू जाशील पलटणीत. मला ह्याच गावात ऱ्हायाचं हाय."

तो थांबला. धोंडुबाई अंधारात बघत राहिली. मग म्हणाली, "पर नवस माझा हाय." आणि पदर खोचून ती आत आली.

चाचपडत आली. तिचे दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. भेगाळलेले, खरखरीत तळवे. "गार हाय रं," एवढंच म्हणाली आणि हमसून हमसून रडली. मला रडता आलं असतं तर मीही रडलो असतो. नाथाजीने हातातला तांब्या खाली ठेवला.

बातमी काय लपते? गुराख्याने बघितलं होतं. चार दिवसांनी मानसिंग पाटील पंचांना घेऊन वर आले. धोंडुबाईला बोलावून उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. पाटलांनी मशाल माझ्याभोवती फिरवली आणि मागच्या बाजूला ते थबकले. "ही बघा चीर! द्येव बाटला, म्हणून तडकला. हिला वाडीत ठेवू नका."

नाथाजी त्या वेळी बोलला नसता तर म्हातारीला घरदार सोडावं लागलं असतं.

पण तो पुढे झाला. नखाने त्याने चीर खरवडली, तर काळंकुट्ट जुनं मेण निघालं, थरावर थर. "पाटील, ही चीर माझ्या आज्याच्या येळची हाय. द्येव फुटका म्हणतील म्हणून आमी तीन पिढ्या मेण भरतोय."

"आन् बाटल्याचं काय?"

"साहेब आत आला तवा न्हाई बाटला? तवा तर तुमीच म्हणाला, साहेबाला दूध धाडा!"

पंचांतला एकजण फिसकन हसला. पाटील लालेलाल झाले. त्यांनी मेणाचा तुकडा बोटांत चुरून टाकून दिला. मग म्हणाले, "चला. ऊसतोडीला माणसं खोळंबल्यात." आणि धोंडुबाईकडे न बघता डोंगर उतरून गेले.

आता एकोणपन्नास साल आहे. महारवाड्यातल्या बायका आत येतात. वाडीतले काहीजण तेव्हापासून वर फिरकत नाहीत; येतील, मला घाई नाही. तुम्हीही या. मला पिंडी म्हणा, स्तूप म्हणा, नुसता दगड म्हणा, मी रागावणार नाही. फक्त कुणाला बाहेर ठेवून आत येऊ नका.

परवा लांबच्या गावची एक पोरसवदा बाई फुलं घेऊन आली आणि सवयीने उंबऱ्याबाहेर बसली. माझ्यापाशी फुलं वाहत असलेल्या धोंडुबाईने मागे वळून बघितलं.

"आगं, कुणाची वाट बघतीस?" ती म्हणाली. "ये की आत!"