उलटलेले दगड

पौषाच्या अमावास्येला ओहोटी खोल गेली आणि किनाऱ्याचे खडक, ती खडपं, उघडी पडली. कृष्णवर्ण, कालवखचित, शेवाळहरित खडपं. तिसऱ्या प्रहराच्या तिरप्या उन्हात निथळणारी. कपारीकपारीत पाणी अडलं होतं आणि प्रत्येक अडल्या पाण्यात एक चिमुकलं आकाश होतं. लाल चोचीचा कालवफोड्या एका शिंपीवर चोच आपटत होता. करडा बगळा एका पायावर जागा होता. दुरून सगळं जिथल्या तिथं दिसत होतं.

आठ दिवसांच्या तापातून उठून द्रौपदी सारंग खाली उतरली. चाळीस वर्षं ती इथं कालवं काढत आली होती. कोयतीच्या टोकानं वरची शिंप उडवायची, गर काढायचा, खालची शिंप दगडाला तशीच ठेवायची. पुढची कालवं तिच्यावरच धरतात. दुसरा नेम त्याहून कडक होता. कुर्लीसाठी, खेकड्यासाठी, दगड उलटला, तर जाताना तो पुन्हा उपडा घालायचा. दगडाच्या पोटाला ओल असते, त्या ओलीत अंडी असतात, आणि पोट उन्हात पडलं की सगळं मरतं. सासूनं हा नेम तिला शिकवला, तिनं तो आपल्या लेकाला, उमेशला शिकवला. चार वर्षांचा उमेश इवल्या हातांनी दगड उपडा घालायचा आणि तो निजवला म्हणून सांगायचा.

तोच उमेश आता पर्यटनाला आलेल्या पाहुण्यांना खडपं दाखवायचा. आज आईनं नऊवारी नेसून त्यांच्यासमोर कालवं फोडावीत, असं त्यानं सांगितलं होतं. लेकाला आपल्या कामाची लाज वाटत नाही, या सुखातच ती तापातून उठली होती.

आधी आला तो वास. मासळीचा नव्हे, मासळीच्या वासात ती जन्मली होती. हा सडका, गोडसर, घशाला चिकटणारा वास. मग दिसले दगड. एक उलटा, त्यापुढचा उलटा, त्याही पुढचा उलटा; पांढरी पोटं आभाळाला दाखवत पडलेले. पोटांवर अंड्यांचे पापुद्रे वाळून करपले होते आणि त्यांवर माश्या घोंघावत होत्या.

खडपाच्या माथ्यावर कापलेलं निळं पिंप होतं. पाहुण्यांना हिंडावं लागू नये म्हणून उमेशनं दगड उलटून साऱ्या डबक्यांतले जीव त्यात एकत्र केले होते. तारामासे, समुद्रफुलं, कुर्ल्या, गोगलगाई. तीन दिवसांच्या कोमट पाण्यात कुर्ल्यांनी उरलेल्यांना कुरतडलं होतं. तारामाशांचे हात सुटून तरंगत होते. वर पिवळा, फेसाळ, बुळबुळीत तवंग आला होता, आणि त्या तवंगात हात घालून एक पाहुणी फोटो काढून घेत होती.

तरीही द्रौपदी बसली. तिनं कालव फोडलं, गर पुढे केला. एका पाहुण्यानं तो तोंडात घेतला, तोंड वाकडं केलं आणि तिच्या पायाशी थुंकला. सगळे हसले. उमेशही हसला, पाहुण्यांपेक्षा अंमळ जास्तच.

तिनं कोयती खाली ठेवली. पदर खोचला. कोपरापर्यंत हात पिंपात घालून, जे जे अजून हलत होतं ते ओंजळीत घेतलं आणि ज्याच्या त्याच्या डबक्यात सोडू लागली. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. उमेश दबक्या आवाजात आर्जवत राहिला, मग चिडला, मग त्यांना घेऊन काठाकडे निघाला.

भरती लागली. खडप आणि काठ यांमधल्या घळीत पाणी शिरलं. घळीच्या पलीकडून उमेशनं सवयीनं हात पुढे केला. ती खडपावर चढताना तो नेहमीच करायचा, तसा. तिनंही सवयीनं आपला हात दिला. त्या हातावरून तवंग ओघळत होता. वास त्याच्या नाकाशी गेला, त्यानं मागे पाहुण्यांकडे पाहिलं, आणि हात आखडून घेतला.

"आये, आधी हात धुवन घे."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोच वाकडा ओठ, थुंकणाऱ्याचा. पिंपातली घाण तिनं हातांनी उपसली होती. या ओठाची किळस मात्र तिला सोसवेना. आपल्याच पोटच्या पोराची किळस वाटावी, याचीही तिला किळस आली.

"ह्याच हातार वाढलंस रे तू," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. हात मात्र पुढे आला नाही.

ती वळली. घोटाभर पाण्यात, गुडघाभर पाण्यात, एकेक दगड उपडा घालत चालली. हा निजवला. हाही निजवला. मागून कुणी हाक मारली की लाट फुटली, ते तिनं वळून पाहिलं नाही. काळं पाणी चढत आलं, उघडी पोटं झाकत आलं, आणि तिचे ते घाण हात दगडांवरून हलके फिरत राहिले. हलके, हलके, पाणी भरेपर्यंत.