अंबरीशच्या आजीची बिअर

अंबरीश नागपूरचा. धरमपेठेतला. त्याच्या आजीने आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याच्या ट्रिपला, आणि तेव्हाही बाई गाडी लागून दिवसभर लॉजवर झोपून होती. हे त्यानेच मला हसत हसत सांगितलं होतं. त्याच अंबरीशच्या ब्रूअरीच्या कॅनवर आता छापलेलं असतं, ‘कोकण किनाऱ्यावरच्या माझ्या आजीच्या स्वयंपाकघरातून’. बिअरचं नाव ‘आजी’. आतली बिअर माझी.

माझी म्हणजे माझीच. केंब्रिजच्या आमच्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे कुडकुडत मी ती कोकमाची आंबट बिअर बसवली. आमसुलं कुडाळहून यायची. माझी आई ती बिनमिठाची वाळवते आणि सार करताना मीठ शेवटी, चाखत चाखत घालते. बिअरला मी तीच रीत लावली. अंबरीश माझा मित्र, आमच्या बेसबॉल टीमचा कॅप्टन. नोकरी सोडून त्याने गॅरेथ नावाच्या वेल्श माणसाबरोबर शहराबाहेर ब्रूअरी काढली, तेव्हा रेसिपी मी स्वतः त्याच्या हातात दिली. “कॅनवर काकूंचं नाव टाकू बे,” तो म्हणाला होता.

कॅन आला तेव्हा आई व्हिडिओ कॉलवर होती. मी उत्साहाने कॅन कॅमेऱ्यासमोर धरला आणि मगच वाचला. आईला इंग्रजी वाचता येतं. तिने चष्मा लावून ते वाचलं. मग म्हणाली, “असेल रे. त्याच्या आजीलाही येत असेल.”

माझ्या आईला असं खोटं बोलायला लावणाऱ्या माणसाला मी सोडणार नव्हतो.

अंबरीशला जाब विचारला तर तो म्हणाला, “मार्केटिंग आहे रे शश्या. इंग्रजांना आजी लागते. तुझी आई काय, माझी आजी काय, कोणाला फरक पडतो?” त्या दिवसापासून मी त्याला आमसुलं देणं बंद केलं. टीम मात्र सोडली नाही. सोडावी असं घरचे म्हणत होते. पण टीममध्ये माझ्याकडे एक काम होतं, आणि ते मला हवं होतं.

आमची टीम म्हणजे फेन हेरन्स. आम्ही आपसात बगळे म्हणतो. निम्मे लोक देशी, सगळे मोडलेले क्रिकेटर. रविवारी मॅच झाली की सगळे अंबरीशच्या टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रूअरीतल्याच बारमध्ये, जमायचे आणि मी माइक घेऊन त्या आठवड्याच्या खेळाला शोभेल अशी बिअर जाहीर करायचो. पिचरने नुसते भरकटलेले चेंडू टाकले तर गढूळ गव्हाची, कारण तिच्यातूनही पलीकडचं काही दिसत नाही. मॅच मारली तर हापूसवाली. आणि नियम असा की त्या दिवशी ज्याने सगळ्यात जास्त माती खाल्ली, त्याने जाहीर झालेली बिअर सगळ्यांसमोर आधी संपवायची, ग्लास खाली न ठेवता. मग बाकीच्यांना मिळणार. निवड माझी. त्यावर अपील नाही.

एप्रिलमध्ये अंबरीशचा व्हॉट्सॲप आला. आमसुलं कुठेच मिळेनात म्हणून त्याने लंडनच्या एका इम्पोर्टरकडून कोकम आगळाचे मोठे कॅन मागवले होते. फोटो पाठवून विचारलं, “हेच ना?”

आगळ म्हणजे कोकमाचा रस, वर्षभर टिकावा म्हणून मिठात बुडवलेला. आगळाची सोलकढी करताना वर चिमूटभर मीठ घालायची सोय नसते. हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. धरमपेठेत कोणी सांगणार नाही. आणि रेसिपीत मीठ वेगळं लिहिलेलं होतं, कारण ती माझ्या आईच्या आमसुलांची रेसिपी होती.

मी उत्तर पाठवलं, “हो, कोकमच आहे.” यात एक शब्दही खोटा नव्हता.

नंतर कळलं की गॅरेथने टाकीतली बिअर चाखून त्याला विचारलं होतं, ही इतकी खारट असते का? अंबरीश न चाखताच म्हणाला, ऑथेंटिक आहे, आमच्या घरी अशीच. दुसरं काय म्हणणार? आजी त्याची होती ना.

नव्या टाकीचा पहिला ग्लास भरायचा रविवार आला. त्या दिवशी नॉरिचच्या टीमशी मॅच होती. शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे, दोन आउट, तिसऱ्या बेसवर आमची तनया उभी. तनया लंडनच्या स्टॅनमोरला जन्मलेली, इथेच वाढलेली. बॅटिंगला अंबरीश. चेंडू बॅटला लागून शॉर्टस्टॉपला उभ्या फील्डरकडे हळूहळू घरंगळत गेला. बेसबॉलमध्ये अशा वेळी बॅट टाकून जिवाच्या आकांताने पळायचं असतं, पर्यायच नसतो. अंबरीशने बॅट काखेत धरली, हात वर केला आणि कॉलेजच्या ओपनरसारखा ओरडला, “नो.”

तनया तरीही होम बेसकडे धावत सुटली. समोरचा फील्डर गोंधळून एक क्षण त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने आरामात चेंडू पहिल्या बेसला फेकला. तिसरा आउट झाला, त्यामुळे तनयाचा रन धरला गेला नाही आणि मॅच संपली.

“कॅप्टन, नो काय नो?” तनया हेल्मेट आपटत म्हणाली. “मी घरी पोचली होती.”

“रिफ्लेक्स आहे गं,” अंबरीश म्हणाला.

टॅपरूम भरलेलं होतं. टीम, त्यांच्या बायका, नवरे, गॅरेथच्या ओळखीचे पबवाले. मी माइक घेतला.

“आज माती कोणी खाल्ली हे सांगायची गरज नाही,” मी म्हणालो. “चांगली गोष्ट आयती हातात आली, पण पुढे तिचं काय करायचं हे माहीत नाही, असा आजचा खेळ. त्याला शोभणारी एकच बिअर आहे. ‘आजी’, नवी टाकी. कॅप्टन, या.”

लोक हसले. अंबरीशही हसला. पहिला घोट घेतल्यावर त्याचा चेहरा आक्रसला. मी अगदी समोर उभा होतो, मला दिसलं. ग्लास खाली ठेवता येत नव्हता. त्याने तो संपवला, डोळ्यांत पाणी आलं, आणि अंगठा वर करून म्हणाला, “घरची चव.”

मग सगळ्यांचे ग्लास भरले. तनयाने एक घोट घेतला आणि परत ग्लासात सोडला. “हा बिअर नाही, गुळण्या करायचा पाणी आहे. तुझा आजीचा घसा बसला होता का?”

हशा झाला. पबवाल्यांनी ग्लास शांतपणे काउंटरवर ठेवले. गॅरेथ अंबरीशकडे बघत होता. तसं बघणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

अंबरीश मला ओढत मागच्या अंगणात, रिकाम्या पिंपांकडे घेऊन गेला. “काय झालंय हिला? तुला कळलंय. सांग ना बे.”

“आजीला विचार.”

“शश्या, अख्खी टाकी आहे. गॅरेथ मला बाहेर काढेल.”

“आत जा. माइकवर सांग ही कोणाची बिअर आहे. मग बघू.”

“इतक्या लोकांसमोर? कॅन बदलतो ना. पुढच्या बॅचपासून.”

“आत्ता.”

तो गेला. मी दारात उभा राहून ऐकलं. त्याने सांगितलं की ही बिअर शशिधरची आहे, रीत शशिधरच्या आईची, सुमन काकूंची, कुडाळच्या. की त्याच्या घरात कोणी कधी कोकम आणलं नव्हतं. आवाज सुरुवातीला हसरा होता, विनोद करून निभावता येईल असं त्याला वाटलं होतं. कोणी हसलं नाही तसा तो आवाज खाली गेला. एकदोघांनी टाळ्या वाजवल्या आणि आपल्याच टाळ्यांनी ओशाळून थांबले.

तो परत आला. कान लाल झालेले. “झालं? सांग आता.”

“आगळात मीठ असतं. तू वरून पुन्हा घातलंस.”

“मग आता?”

बिनमिठाची दुसरी बॅच करून तिच्यात ही थोडी थोडी मिसळली असती, तर टाकी वाचली असती. वाढली असती उलट. मला ते येत होतं.

“काही होत नाही,” मी म्हणालो. “ओतून दे.”

“नक्की?”

“नक्की.”

अंबरीशने सांगितल्यावर गॅरेथने टाकीला पाइप लावला. अंगणातल्या गटाराच्या जाळीवर गुलाबी फेस चढला आणि कोकमाचा वास सुटला, आमच्या घरच्या माजघरात मे महिन्यात सुटतो तोच. अंबरीश पिंपावर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून बघत होता. आईची रीतही तिथेच वाहून जात होती, हे मला समजत होतं. गॅरेथने वाटेत एकदा पाइप बंद करून माझ्याकडे पाहिलं, खात्री करून घ्यायला. मी होकाराची मान हलवली. त्याने तोटी पुन्हा उघडली.