चिठ्ठीत निघालेली बाजू

मेहकरच्या कॉलेजात संविधान दिनाची वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, ‘राज्यघटनेत बदल व्हावेत का?’ जानेफळच्या आलिमाच्या चिठ्ठीत ‘व्हावेत’ निघालं, तिच्या मैत्रिणीच्या, संजीवनीच्या चिठ्ठीत ‘होऊ नयेत’.

आलिमानं जीव ओतून तयारी केली. घटनेत बदल झाला म्हणून अठराव्या वर्षी मत देता येतं. बदल झाला म्हणूनच तिची मावशी, खैरुन्निसा खाला, बायकांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आली. कुटुंब वाढलं की घराला खोली काढावीच लागते, असा तिचा मुद्दा होता.

स्पर्धेच्या सकाळी, दोघींची तयारी करून घेणाऱ्या अवचार सरांनी तिला बाजूला बोलावलं.

“तू अन् संजीवनी बाजू बदलून घ्या.”

“काऊन सर?”

सर चाचरले. “कोणी मोबाईलवर अर्धंच वाक्य काढलं अन् ‘हिले घटना बदलायची आहे’ म्हणून गावभर फिरवलं तर? तुह्या अब्बाचं दुकान भर बाजारात आहे.”

“मंग संजीवनी तेच बोलली तर?”

“तिले कोणी काही म्हणत नाही.”

सर मनापासून काळजीनं बोलत होते, त्यामुळे तिला धड भांडताही येईना.

संजीवनीनं आलिमाचंच भाषण केलं. खैरुन्निसा खाला त्यात ‘आमच्या गावातली एक बाई’ झाली. टाळ्या पडल्या. मग आलिमा उठली आणि संजीवनीचे मुद्दे बोलली. आज ज्याच्या हाती बहुमत, तो आपल्या सोयीनं घटना वाकवेल, उद्या दुसरा येऊन वाकवेल. मग गरिबानं कोणाच्या भरवशावर राहायचं? मुद्दे खोटे नव्हते. पण त्यांनाच उत्तर द्यायला ती रात्रंदिवस खपली होती.

परीक्षक कौतुकानं म्हणाले, “ही मुलगी मनापासून बोलली. साहजिकच आहे, या लोकांना घटनेचाच आधार.”

आलिमा जागेवर जाऊन बसली. पहिल्या बक्षिसाची ढाल संजीवनीला मिळाली.

परतताना जीपमध्ये संजीवनीनं ती ढाल आलिमाच्या मांडीवर ठेवली. “घे, तुहीच आहे.”

“ठेव तुह्याजोळ,” म्हणून आलिमा खिडकीबाहेर पाहत राहिली.

गावात उतरून ती थेट अब्बांच्या कटलरीच्या दुकानात गेली. रहेमतुल्लांनी सगळं ऐकलं आणि सुस्कारा सोडला. “बरं झालं बदललं. सर भला माणूस आहे.”

“अब्बा, तुम्ही सांगा. बदल व्हावेत का होऊ नयेत?”

“आपल्याले काय करायचं बेटा?”

“मले करायचं आहे.” ती स्टूल ओढून बसली आणि तिनं आपलं भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला रहेमतुल्ला उठले, रस्त्यावर नजर टाकली आणि शटर अर्धं खाली ओढून परत येऊन बसले.

“हं, आता बोल. मी ऐकून राह्यलो.”

“शटर वर करा, मंग बोलते.”

रहेमतुल्ला जागचे हलले नाहीत. आलिमाही हलली नाही.